चार कॅन पाणी

बोट माझी, आणि निवडायला पुढे भाऊजी. नवरा गेल्यापासून माझ्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची या धाकट्या दिराला सवय लागली आहे. घरची बारा फुटी बोट छोट्या तळ्यात ठीक होती. मोठ्या तलावात वारा सुटला की लाट मागून आत यायची. म्हणून मोठी घ्यायची, पण दांड्याचीच. मागे बसायचं, एका हातात इंजिनाचा दांडा, दुसऱ्या हातात जाळं. एकटीने जमतं. मोटारीसारखं चाक असलेल्या बोटीत एकजण पुढे चाकावर लागतो आणि दुसरा मागे जाळ्यावर. चाकावर कोण बसणार, हे भाऊजींनी मनात ठरवूनही टाकलं होतं. म्हणजे जन्मभर मी यांच्या सवडीने पाण्यावर जायचं. त्यापेक्षा मासेमारी सोडलेली बरी.

बोटी बांधणाऱ्या मिस्त्रीच्या तलावाकाठच्या शेडमध्ये रंगाचा वास डोळ्यांना झोंबत होता. मिस्त्री माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हता.

"साहेब, कोणती दाखवू?"

"चाकाची," भाऊजी म्हणाले. "वीस वर्षं दांडा माझ्या हातात होता. कंटाळा आला आता."

वीस वर्षं! हा गृहस्थ वीस वर्षं पुढच्या फळीवर पाय पसरून डुलक्या काढत होता. दांडा नवऱ्याच्या हातात असायचा, आणि तो अंथरुणाला खिळल्यावर माझ्या. माझं डोकं तडकलं. मी सरळ एका अठरा फुटी, दांड्याच्या बोटीत चढले. मागच्या फळीवर बसून पाहिलं. कडा गुडघ्याच्या वर येत होत्या, मागची बाजूही चांगली उंच होती. खांदा न ताणता हात दांड्यावर पडत होता.

"ही पाण्यात उतरवा," मी म्हणाले. "आधी भाऊजी चालवतील. अनुभव आहे ना त्यांना."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. भाऊजी ऐटीत मागे बसले. धक्का डावीकडे होता. उजवीकडे वळायचं म्हणून त्यांनी दांडा उजवीकडे ढकलला.

"अहो, उलटा! जायचं त्याच्या उलट बाजूला दांडा ढकला!" मिस्त्री ओरडला, तोवर बोट धाडकन धक्क्यावर आदळली होती. भाऊजी गुडघ्यांवर आले.

"या बोटीतच खोट आहे," ते उठत म्हणाले.

नाचता येईना अंगण वाकडं. मिस्त्रीने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही चालवता का?"

मी एकटीच निघाले. वेग वाढवला तशी बोटीने पुढून मान वर काढली, समोरचं पाणी दिसेना. मी वळून परत आले. धक्क्यावर भाऊजींचा चेहरा खुलला होता.

"बघा! पुढे माणूस लागतोच, वहिनी. माझ्याशिवाय तुमचं पान हलायचं नाही."

खरंच होतं ते. नवरा यांना रोज का नेतो, हे मला कधी कळलं नव्हतं; भावाची माया असेल असं वाटायचं. आता कळलं, आणि हसू आवरेना.

"भाऊजी, वजन किती तुमचं?"

"ऐंशी किलो. का?"

"मिस्त्री, वीस लिटरचे चार कॅन आहेत का? पाण्याने भरून पुढच्या फळीखाली बांधा."

त्याने बांधले. मी तलावाच्या मध्यापर्यंत गेले, बोट आडवी घालून लाटा अंगावर घेतल्या, पुन्हा सरळ केली. पुढचं सगळं पाणी स्वच्छ दिसत होतं.

"हीच द्या," परतल्यावर मी मिस्त्रीला म्हणाले. "कॅनसकट."

"आणि मी?" भाऊजींनी विचारलं.

"तुम्ही घरी जा. वीस वर्षं तुम्ही जे काम केलंत, ते आता पाणी करेल."