गोड सिनेमाने घातलेला घोळ

मित्रांनो, मी एक जुना सोफा. जुना म्हणजे किती, तर माझ्यावर उड्या मारणारं या घरातलं शेंडेफळ आता पार टकलं झालंय. तरी सगळे त्याला अजून पिल्लूच म्हणतात!

माझा जन्म सुताराच्या दुकानातला. सागाचा सांगाडा, पोटात काथ्या आणि स्प्रिंगा, अंगावर मखमल. घरी आलो तेव्हा शेजारीण म्हणाली, "सोफा आहे की सिंहासन!" मी असा फुगलो, की विचारू नका. पुढे तीन मुलांनी नाचून नाचून माझा सांगाडा खिळखिळा केला, तो भाग वेगळा.

या घराची एक गंमत आहे. इथे अवघड गोष्ट कुणी सरळ सांगत नाही. आई सिनेमा लावते! कुत्रा मेला, तेव्हा तिने कुत्र्याचा सिनेमा लावला. बाबांचं दुखणं बरं होणार नाही हे कळलं, तेव्हा दवाखान्याचा. मुलं माझ्यावर बसून रडली आणि समजायचं ते समजली.

एकच गोष्ट सांगायची उरली होती. तिघांतली थोरली, ताई, आईच्या पोटची नाही. आईची धाकटी बहीण बाळंतपणात गेली, तिची ती मुलगी. बाबा गेल्यावर हे फक्त आईला ठाऊक. आणि मला! कारण घर रिकामं असलं की आई माझ्या कोपऱ्यात बसून सराव करायची, "बाळा, रागावू नकोस. मी तुझी मावशी आहे गं."

मग तिला तसाच एक सिनेमा सापडला. मोठी झालेली भावंडं, घरातलं गुपित, आणि थोरली बहीण दत्तक! आईने तिघांना रविवारी दुपारी जेवायला बोलावलं आणि जेवणं होताच तो लावला. तिचा हात माझ्या हातावर होता.

पडद्यावर गुपित फुटलं. थोरली दोन अश्रू ढाळून आईच्या गळ्यात पडली. लगेच गाणं!

"रडूनही हिचा एक केस विस्कटला नाही," दादा म्हणाला.

"विस्कटायला आहेत तरी," पिल्लू म्हणाला.

सगळे खो खो हसले. माझ्या स्प्रिंगाही कुरकुरल्या.

"आई, कुठून शोधलास गं हा? नुसता पाकात बुडवून काढलाय!" दादा म्हणाला.

ताईच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. "आणि ती लगेच गळ्यात काय पडते! जन्मभर खोटं बोलली ती बाई. मी असते ना, तर पुन्हा तिचं तोंड पाहिलं नसतं."

आईच्या बोटांनी माझी मखमल घट्ट धरली.

"भिकारच निघाला मेला," ती म्हणाली. "चहा टाकते."

त्यानंतर तिचा सराव बंद झाला. ताईचा फोन येतो, "आई, बरी आहेस ना?" आई म्हणते, "मला काय धाड भरलीय!" आणि फोन ठेवून माझ्या त्याच कोपऱ्यात येऊन बसते. आता ती थकलीय. ही गोष्ट तिच्याबरोबरच जाणार.

मित्रांनो, खरं तर मी म्हणणार होतो, सोफ्यावर नाचू नका, चहा सांडू नका. पण जाऊ द्या. नाचा, सांडा. फक्त जे माणसाला सांगायचं, ते रिकाम्या खोलीत सोफ्याला सांगत बसू नका. मला पाठ आहे, हात आहेत, पाय आहेत. मी सगळं ऐकून घेतो आणि इथेच उभा राहतो.