तारा बोलण्याआधीच चुनरी

शैलजाबाईंनी त्या सकाळी ग्वारीघाटावर लेकीची चांगलीच पंचाईत करून ठेवली होती. नर्मदामैयाला या काठापासून त्या काठापर्यंत लाल चुनरी! नवस कसला, तर स्वानंदीचा तारा बोलावा. आणि तारा तर अजून धड बोललाच नव्हता.

तारा गेल्या वर्षी फुटला होता, कुठल्याशा लांबच्या दीर्घिकेत. स्वानंदीनं पीएचडीत छातीठोक लिहिलं होतं, की फुटताना यानं गॅमा किरणांचा झोत सोडला. फक्त झोताचं तोंड दुसरीकडे होतं, म्हणून आपल्याला दिसला नाही. झोत मंदावून पसरला, की त्याच्या रेडिओ लहरी इकडे येतीलच. तिचे मार्गदर्शक श्रीपाद सर म्हणाले होते, नाही आल्या तर प्रबंधातून हे प्रकरण काढायचं. म्हणजे सगळी मेहनत पाण्यात!

गेल्या आठवड्यात रेडिओ दुर्बिणीला ताऱ्याच्या जागी एक पुसट ठिपका दिसला. पोरीनं हर्षानं घरी फोन केला, आणि आईनं थेट चुनरीच शिवायला टाकली.

"आई, तो ठिपका दीर्घिकेचाही असू शकतो गं! आज दुर्बिणीचा दुसरा नकाशा येईल. दीर्घिकेचा ठिपका आहे तेवढाच राहतो, वाढला असेल तरच ताऱ्याचा."

"अच्छा, चलो, बस नावेत. लोक थांबून राहिले."

झालं! एक टोक काठावर आईबाबांच्या हातात, दुसरं नावेत स्वानंदीच्या. शरमेनं तिला मान वर करवेना. नाव मधोमध आली आणि फोन वाजला. पुण्याहून अनिमेष, तिच्याच गटातला.

"चौपट! ठिपका चौपट झाला!"

स्वानंदी टुणकन उभी राहिली आणि समोरच्या काठाकडे बघून जी ओरडत सुटली! नाव हे एवढी डुलली.

"दीदी, बैठ जाओ! डुबाओगी क्या?" नावाडी किंचाळला.

"हसून राहिली का रडून राहिली ही?" बाबा घाबरले.

"अगं, इकडे तोंड करून बोल ना!" आई ओरडली.

स्वानंदी वळली. "आई, बोलला! तारा बोलला!" तोंड तिकडे, म्हणून इकडे काही पोचेना, ताऱ्याचंही हेच तर झालं होतं! तिला हसू आवरेना.

चुनरी पलीकडे पोचवून ती परतली, तशी आईच्या गळ्यातच पडली. "ठिपका वाढला नसता तर? एवढी घाई काहून केली तू?"

"मला काय समजत नाही? आठवडाभर घास उतरून नव्हता राहिला तुझ्या घशाखाली." आईनं पदरानं डोळे टिपले. "म्हटलं, आपलं देणं आधीच देऊन टाकू. घेऊन गप्प बसायला मैयाला लाज नाही वाटणार?"