डबल बेडची चादर

"चाक उलटं फिरतंय," अलकनंदा कॉटवरून म्हणाली. "आधी हातानं आपल्याकडे घ्या, मग पाय मारा."

"मशीनच जुनं झालंय तुझं."

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

रत्नाकररावांनी तुटलेला दोरा पुन्हा ओवला. कारखान्यात जन्मभर लोखंड कापलेला हा माणूस एका सुती चादरीपुढे घामाघूम झाला होता. निम्मा दोष चेन्नईतल्या अंबत्तूरच्या उकाड्याला देता आला असता, निम्मा मात्र त्यांचाच होता.

चादर त्यांच्या डबल बेडची होती. अलकनंदाला दवाखान्यातून आणल्यावर घरात लोखंडी कॉट आली आणि कपाटातल्या मोठ्या चादरी कुणाच्याच कामाच्या राहिल्या नाहीत. डोक्यातून घालायचे गाऊन तिला सोसत नव्हते, हात वर करताना ती कळवळायची. नवं कापड अंगाला टोचायचं. उरला दवाखान्याचा हिरवा झगा. तो घातला की ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. उद्या तिची धाकटी बहीण शर्मिष्ठा पुण्याहून येणार होती, आणि अलकनंदानं बजावलं होतं, "या झग्यात मी तिला दिसणार नाही. तिला एग्मोर स्टेशनावरूनच परत पाठवा."

म्हणून हा मागून बंद बांधायचा गाऊन, धुऊन धुऊन मऊ झालेल्या चादरीचा. टेलरला आपण मापाचा ब्लाउज देतो, तसा रत्नाकररावांनी तिचा नेहमीचा निळा गाऊन चादरीवर पसरला होता आणि खडूनं कडा आखून घेतल्या होत्या.

दिवसभर अलकनंदाचं सगळं करणारी अलमेलू दारात उभी राहून हसत होती. "सार, कोपऱ्यावरचा टेलर तासाभरात देईल शिवून," ती तमिळमध्ये म्हणाली.

"तो अम्माला ओळखतो का?" रत्नाकरराव मोडक्यातोडक्या तमिळमध्ये गुरगुरले.

दुपारी गाऊन झाला. एक बाही वर, एक खाली, आणि गळा रुसून एका बाजूला गेलेला. तरी रत्नाकरराव बक्षीस मिळालेल्या पोराइतके खूश होते.

अलमेलूनं तो चढवला. हात वर करावे लागले नाहीत, कापड टोचलं नाही. पण गाऊन खांद्यावरून घसरला. अलमेलूनं तो वर ओढला, पुन्हा घसरला. आईचे कपडे घालून बसलेल्या पोरीसारखी अलकनंदा त्यात दिसत होती.

"चुकलंच माझं," रत्नाकरराव घाईघाईनं म्हणाले. "कापताना चादर सरकली असणार."

"माप कशाचं घेतलंत?"

"तुझ्या निळ्या गाऊनचं."

"मग तुमचं बरोबर आहे." ती आपल्या मनगटाकडे बघत म्हणाली, "मीच कमी झाले."

रत्नाकररावांनी घसरलेला गळा तिच्या खांद्यावर सावरून धरला. रोज तिला उचलून बसवणारे तेच होते. त्यांना कळलं नव्हतं असं थोडंच! कळलं होतं, पण तिच्या अंगाला टेप लावायचा धीर झाला नव्हता.

सावरली तीच आधी. "आमची आई म्हणायची, कपडा वाढत्या अंगाचा शिवावा. तसा शिवलात." ती हसली, हसताना दमली. "पण शर्मीसमोर असं नको. बाजूनं आत घ्या."

अलमेलूनं टाचण्या लावून दिल्या. दोन्हीकडून चांगलं चार-चार बोटं कापड निघालं. या वेळी शिवण सरळ आली.

"आता जास्तीचं कापून टाका. आत फुगेल ते."

रत्नाकररावांनी कात्री उचलली आणि खाली ठेवली.

"असू दे. सपाट दुमडून हातशिलाई घालतो, टोचणार नाही तुला. पुढे मोठा करायला लागला तर उसवता येईल."

अलकनंदानं आयुष्यभर शिवणकाम केलं होतं. कुणाच्या कपड्यात आत कापड ठेवायचं आणि कुणाच्या नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"बरं," ती म्हणाली. "टाके बारीक घाला."

ते खिडकीपाशी उजेडात बसले आणि एकेक टाका घालत ते जास्तीचं कापड आत दुमडत गेले.