एकडोळ्यांची विहीर

मी एक जुनी जाळी आहे. मित्रांनो, लगेच तोंडाला पाणी सुटू देऊ नका, मासे धरणारी जाळी मी नव्हे! माझ्या झोळीचे रेशमी कापड इतके दाट, की पाणी निघून जाते आणि राईच्या दाण्याहून बारीक जीव आत अडकतो. सोलापुरातल्या एका तांबटाने माझे पितळी कडे ठोकून गोल केले आणि दाक्षायणीने स्वतः झोळी शिवून मला बांबूच्या दांड्यावर चढवले.

दाक्षायणी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि डॉक्टरेटसाठी संशोधन करायची. गोड्या पाण्यातले जीव पिढ्यानपिढ्या शत्रूंचा मार खाऊन कसे बदलतात, हा तिचा ध्यास. सांगोल्याकडच्या एका गावात पायऱ्यांची विहीर होती. तिच्यात एकाच डोळ्याचे, झटके मारत पोहणारे बारीक किडे होते. पुस्तकात त्यांना सायक्लॉप्स म्हणतात, दाक्षायणी म्हणायची, 'माझे एकडोळे.' शेजारच्या तळ्यातले एकडोळे माशांच्या धाकाने बारके आणि भेकड. विहिरीत मासे नव्हते, म्हणून इथले दांडगे, आणि काय माजलेले! आपलीच पिल्ले धरून फाडून खायचे. मला किळस यायची, पण ही बाई भिंगातून बघत बसायची, जेवणाची शुद्ध नसायची.

दर महिन्याला आम्ही एसटीने त्या गावी जात असू. तिची एक सवय होती. लागतील तेवढे जीव बाटलीत ठेवायचे आणि उरलेले पुन्हा विहिरीत सोडायचे. 'उगाच कशाला मारायचे बिचाऱ्यांना?' म्हणायची. सवय चांगली हो, पण तीच नडली.

बहात्तर साल उजाडले आणि पावसाने तोंड फिरवले. तळे आटले. सगळे गाव त्या एका विहिरीवर आले. बायका तळाशी उतरून वाटीवाटीने पाणी भरत होत्या, पोहऱ्यावरून झिंज्या उपटत होत्या. अशा वेळी दाक्षायणी पायरीवर उभी राहिली आणि बाटलीतले वळवळते पाणी तिने विहिरीत ओतले.

"ए बाई! काय वतलीस गं पान्यात?" पाणी भरणारी चिमाबाई ओरडली. तिने बाटली हिसकावून तळाशी उरलेले पाणी उन्हात धरले. "आगं आई गं! किडं हायती की! ही बया हिरीत किडं सोडतीया!"

पुढे काय झाले ते ऐका. पहिला दगड दाक्षायणीच्या खांद्यावर बसला, दुसरा कपाळावर. चिमाबाईचा मुलगा हणमंत पाण्यात उभा होता. त्याने मला ओढून घेतले आणि माझ्याच दांड्याने तिला झोडपायला सुरुवात केली. मित्रांनो, जिने मला शिवले तिच्याच अंगावर मी बसत होते! माझा दांडा फुटला, तिचे मनगट मोडले. ती पायरीवर कोसळली आणि हणमंतच्या पायाशी तिचे तोंड आले.

त्याच्या नडगीवर एक फोड फुटला होता आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा जंत लोंबत होता. नारू! त्या जंताची पिल्ले पाण्यात सुटतात, एकडोळे ती गिळतात, आणि ते पाणी जो पितो त्याच्या पायातून वर्षभराने असाच जंत निघतो. हे तिला पाठ होते. पण आपल्या या विहिरीत आपले लाडके एकडोळे नारू पोसत असतील, हे तिच्या डोक्यात कधी आलेच नव्हते.

"पाय बाहेर काढा! अहो, पाण्यातून पाय बाहेर काढा!" ती मार खात ओरडत होती. कोण ऐकतो? आणखी दोन लाथा बसल्या.

हात प्लास्टरमध्ये घालून ती तिच्या मार्गदर्शकांकडे, सिद्रामप्पा सरांकडे गेली आणि नारूचे आरोग्य खात्याला कळवते म्हणाली.

"हे बघ," सर म्हणाले, "विहिरीत औषध पडलं की तुझे एकडोळे संपले. सगळं काम मातीत जाईल. वर्षभर गप्प बस, पदवी पदरात पडू दे, मग सांग."

"आणि वर्षभर त्यांनी तेच पाणी प्यायचं, सर?"

"त्यांनी तुझा हात मोडलाय!"

"हात माझा एकटीचा मोडलाय. पाणी सगळं गाव पितंय."

ती तडक आरोग्य खात्यात गेली आणि औषध घेऊन पुन्हा त्या विहिरीवर उभी राहिली. मला तिने काखेत मारले होते. समोर गाव, आणि हणमंतच्या हातात धोंडा.

"ते किडे मारायचं औषध आहे. त्यांच्यामुळेच पायात नारू होतो," ती म्हणाली. "माणसाला काही होत नाही."

"थांब रं हणमंता," चिमाबाई पुढे आली. "टाकू दे तिला. पर आदी ती पिऊ दे. मग आपन बगू."

दाक्षायणीने औषध ओतले, दांडक्याने पाणी ढवळले आणि तांब्या बुडवून सगळ्यांसमोर घटाघटा प्यायली. घटका गेली, तरी ती धडधाकट उभी होती. मग हणमंतने धोंडा खाली टाकला.

पुढच्या महिन्यात नव्या दांड्यावर चढून मी त्या विहिरीत उतरले. पुन्हा पुन्हा बुडी मारली. झोळी रिकामी! एक एकडोळा हाती लागेल तर शपथ. दाक्षायणी पायरीवर बसून हमसून हमसून रडली. चिमाबाई घागर ठेवून तिच्याजवळ बसली.

"काय झालं गं पोरी? कुनी मेलं का तुजं?"

"हो मावशी," ती म्हणाली. "मीच मारलं."

चिमाबाईला काही कळले नाही, पण ती उठून गेली नाही.

करमाळ्याकडच्या एका तळ्यावर दाक्षायणीने सगळे पहिल्यापासून सुरू केले. तिच्या बरोबरीचे केव्हाच डॉक्टरेट घेऊन पुढे गेले, तिला पदवी मिळायला अठ्ठ्याहत्तर साल उजाडले. आता तिच्याकडे नायलॉनची जाळी आहे आणि मी प्रयोगशाळेत खिळ्याला लटकले आहे. माझी झोळी विरली, पण माझे काही मागणे नाही. एवढेच सांगते, मित्रांनो, की पाण्यावर कोणी अनोळखी माणूस दिसला, तर आधी त्याला विचारा, बाबा रे, काय करतोस? दगड काय, कुठे पळून जात नाही.