वेळेची नोंद नाही

माझ्या सासऱ्यांनी सव्वीस वर्षांत हजारो मुलींची नावं पेपरात आणली, पण स्वतःच्या नातीचं एकदाही नाही.

बाबा, म्हणजे दशरथ ओव्हाळ, नोकरीला टेलिफोन खात्यात होते. सकाळी मैदानं आणि मग ऑफिस, असं त्यांचं आयुष्य गेलं. शनिवार पेठेतून 'सांजदीप' नावाचं सायंदैनिक निघतं. त्यात 'मैदानातून' हे त्यांचं सदर यायचं. शाळा-शाळांची खो-खो, कबड्डी, लंगडी, जे दुसरं कुणी छापत नाही ते सगळं. खो-खोची बातमी म्हटली की कोण जिंकलं एवढ्यावर भागत नाही. कोण किती वेळ पळालं ते कंसात द्यावं लागतं. मोठ्या स्पर्धांत ती वेळ अधिकृत कागदावर असते. शाळांच्या सामन्यांत मात्र गुणलेखक नुसते गुण मांडून मोकळे होतात. तिथे वेळ फक्त एका ठिकाणी असायची, बाबांच्या स्टॉपवॉचमध्ये.

आमची निकिता अकरा वर्षांची. शाळेच्या संघात आल्यापासून ती चार सामने खेळली होती, आणि चारही बातम्यांत तिच्या जोडीच्या मुली होत्या, ती नव्हती.

"आजोबा, मी दोन मिनिटं पळाले होते!"

"पळालीस ना? मग झालं की."

"पण पेपरात नाही आलं."

"आपल्या माणसाची वेळ आपण मोजायची नाही. मोजली तर छापायची नाही."

मी मध्ये पडले नाही. खरं सांगते, मला ते बरंच वाटायचं. ती पळायला लागली की माझा जीव खांबाखांबाशी अडकायचा. गुडघा फुटेल, दात पडेल, कुणाचं नख डोळ्यात जाईल. चेतन, माझा नवरा, हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तो म्हणायचा, "सोनाली, तू मॅच बघायला जातेस की अपघात शोधायला?"

मग एका गुरुवारी सांजदीपमधून ऋषीचा फोन आला. ऋषी म्हणजे तिथला नवा क्रीडा संपादक, पंचविशीचा, बोलायला गोड.

"काका, सोमवारपासून पान बदलतंय. इंग्लंडचा फुटबॉल, क्रिकेट, सगळं रंगीत. एजन्सीकडून तयारच येतं हो. स्थानिकला जागा नाही राहणार. शनिवारचं तुमचं सदर शेवटचं."

"बरं."

"आता इंटरनेटवर लोकांना सगळं मिळतं ना, काका."

"मिळत असेल. कन्याशाळा विरुद्ध आमची शाळा, उपांत्य सामना, काय झालं ते बघून सांगा बरं इंटरनेटवर."

"तो अजून झाला नाहीये ना, काका?"

"शनिवारी आहे. सोमवारी बघा मग."

फोन ठेवून ते खुर्चीत मागे टेकले. दहा दिवसांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डावा तर आधीच धूसर होता. काळा चष्मा लावून खुर्चीत बसलेले बाबा कुठे बघतायत ते कळायचं नाही. मग म्हणाले, "सोनाली, शनिवारी घड्याळ तू धर."

"मी? बाबा, मी निकिताची आई आहे."

"माहीत आहे. आजोबा मोजताना हात सैल सोडतील. आई लोक उलट. पोरीला दृष्ट लागेल म्हणून दोन सेकंद कमीच सांगतील. आपल्या घरात दृष्ट मानत नाहीत, पण तू चोरून मानतेस, मला ठाऊक आहे. तू सांगशील ते मी छापीन."

निकिता दारात उभी होती. "म्हणजे माझं नाव येणार?"

"पळालीस तर."

दोन दिवस ती घरात चालली नाहीच, पळाली. शुक्रवारी रात्री जेवताना मला म्हणाली, "मम्मी, हा शेवटचा पेपर आहे. परत कधीच येणार नाही ना?" मी म्हटलं, नाही. तिने पोळी तशीच ठेवली.

शनिवारी आठ वाजता आम्ही चौघं मैदानावर. बाबांच्या डोळ्यात धूळ जाऊ नये म्हणून मी त्यांना वाऱ्याकडे पाठ येईल अशी, झाडाखाली खुर्ची दिली. थेंबांची बाटली पर्समध्ये, पाणी, रुमाल, निकिताच्या गुडघ्यासाठी पट्टी, सगळं घेतलं होतं. घड्याळ गळ्यात. जुनं, जड, एकच बटण. बाबांनी घरी तीनदा समजावलं होतं. एकदा दाबलं की सुरू, दुसऱ्यांदा बंद, तिसऱ्यांदा शून्य. तीन मुली एकदम आत येतात, तेव्हा सुरू करायचं. जी बाद होईल तिची वेळ बघून लिहायची, पण घड्याळ थांबवायचं नाही.

सामना सुरू झाला आणि मी पहिल्यांदा पाहिलं की बाबा सामना कसा बघतात. डोळे मिटलेले, मान किंचित वाकडी. समोर आठ मुली ओळीत एकाआड एक उलट तोंडं करून बसलेल्या, नववी मागे लागलेली, आणि "खो! खो!" असा आवाज या टोकापासून त्या टोकाला जातोय. बाबा पुटपुटले, "कन्याशाळेची सहाव्या पाटीवरची उशिरा उठते. गुडघा दुखतोय तिचा." मी ओळीतल्या जागा मोजत सहाव्या मुलीकडे पाहिलं. खरंच, ती उठताना हात टेकत होती. त्यांना ती दिसणं शक्यच नव्हतं. "खो मिळाल्यावर पायाचा आवाज यायला वेळ लागतोय," ते म्हणाले. "आमची पोरगी तिच्याच बाजूने जाईल, तर वाचेल." बारा वर्षं मी या माणसाला रोज चहा देत होते आणि मला यातलं काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या डावात निकिताची तुकडी आत आली. मी बटण दाबलं. पहिली मुलगी पन्नास सेकंदांत गेली. लिहिलं. दुसरी एक मिनिट वीस. लिहिलं. आता आत एकटी निकिता. ती बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी निघाली, या फटीतून आत, त्या फटीतून बाहेर, आणि खांबाजवळ वळताना तिचा पाय घसरला. ती पडली. तोंडावर.

माझा अंगठा आपोआप दाबला गेला.

मी किंचाळलेही असेन. डोळे उघडले तर ती उठली होती आणि पळत होती. बाद झालीच नव्हती. मला काही सुचलं नाही, घड्याळ पुन्हा चालू व्हावं म्हणून मी परत बटण दाबलं. काटा टक्कन शून्यावर आला आणि तिथेच उभा राहिला.

त्यानंतर मी घड्याळाला हातच लावला नाही. पुढच्या तुकड्यांना घड्याळ मिळालंच नाही. आमची शाळा एका गुणाने हरली.

"बाबा," मी म्हटलं, "चुकलं माझं." आणि सगळं सांगितलं.

त्यांनी घड्याळासाठी हात पुढे केला.

"तुम्ही मनात मोजलंच असेल ना?"

"मोजलं."

"मग?"

"ते माझ्यापाशी राहील."

निकिता माती झटकत आली. हनुवटीवर खरचटलं होतं. "मम्मी, किती?" मी तिची हनुवटी पुसायला लागले. "मम्मी, किती गं?" मी पर्समध्ये पट्टी शोधू लागले. बाबाच म्हणाले, "घड्याळ बंद पडलं." ते खोटं बोलले, माझ्यासाठी. त्यांना खोटं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

साडेअकराला पान छपाईला जायचं. चेतनच्या मोबाइलवरून त्यांनी तिथेच झाडाखाली बातमी सांगितली. हातात कागद नाही. दोन्ही डाव, सगळी नावं, कुणी कुणाला कुठल्या खांबाजवळ बाद केलं, एकाही शब्दाला न अडखळता. शेवटी म्हणाले, "पराभूत संघाकडून निकिता ओव्हाळ, कंस, वेळेची नोंद नाही, कंस पूर्ण."

ऋषीचा आवाज मलाही ऐकू आला. "काका, असं विचित्र दिसेल. साधारण अडीच मिनिटं टाकून देऊ?"

"साधारण टाकायचं असेल तर तुमच्या शेअर बाजाराच्या पानावर टाका. इथे मोजलेलंच जातं."

साडेचारला धायरी फाट्यावरून चेतनने पेपर आणला. निकिताने आतलं पान उघडलं, बोट फिरवत खाली आली आणि थांबली. नाव होतं. पुढे ते तीन शब्द. तिने पेपर नीट घडी घालून टीपॉयवर ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

पाचला घरचा फोन वाजला. ऋषी होता. "वहिनी, काका आहेत का? इथे फोन थांबत नाहीयेत. मी चाळीसनंतर मोजणं सोडलं. सगळ्यांचा एकच प्रश्न, ती मुलगी किती पळाली? मला वाटत होतं हे पान कुणी वाचतच नाही. पान बदलायचं ठरलंय, ते बदलणारच. पण यांना मी काय सांगू? घरचा नंबर देऊ का?"

बाबा म्हणाले, "दे म्हणावं."

पहिला फोन मार्केट यार्डातून. सीताराम नावाचे हमाल. "जय भीम, ओव्हाळ साहेब. डोळे बरे आहेत ना? तेवीस वर्षं वाचतोय, नोंद नाही असं कधी आलं नाही. गाड्या खाली करायच्या सोडून आमची चर्चा चाललीय इथं." मग एक निवृत्त शिक्षिका. मग सदाशिव पेठेतले कुणी माधवराव. "संपादकांना सांगा, सोमवारपासून अंक टाकू नका. लंडनचा निकाल मला लंडनहून मुलगाच कळवतो." मी फोन कानाला धरून नुसती ऐकत होते. कोण होती ही माणसं? त्यांच्या मुली या शाळांत नव्हत्या, बहुतेकांनी ते मैदान वर्षानुवर्षं पाहिलंही नसेल. आणि एका अकरा वर्षांच्या पोरीच्या कंसात काय असायला हवं होतं, हे कळल्याशिवाय त्यांचा चहा गळ्याखाली उतरत नव्हता.

पुन्हा फोन वाजला. धायरी गावातले सोनबा. "ओव्हाळ सायेब हाय का? निम्मं सांगून कसं चालंल? पोरगी पळाली किती, ते सांगा की."

बाबांनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "हिला विचारा. घड्याळ हिच्याकडे होतं."

मला पळून जावंसं वाटलं. "मी तिची आई," मी म्हटलं. "वेळ घ्यायला मीच चुकले. ती पडली, मी घाबरून घड्याळ बंद केलं. त्यामुळे किती पळाली ते मला सांगता येणार नाही."

"मिनटं ऱ्हाऊ द्या. फुडं काय झालं? पडल्यावर?"

आणि मी सांगायला लागले. ती उठली तेव्हा मागची मुलगी एका हातावर होती. निकिता पुढे पळालीच नाही, जागेवर खाली बसली, आणि त्या मुलीचा हात तिच्या डोक्यावरून गेला. मग सहाव्या पाटीवरून ती तीनदा गेली, तिथली मुलगी उशिरा उठते हे तिलाही कळलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं. खांबाला एक बोट लावून गर्रकन वळली. दोनदा खो चुकला, शिट्टी झाली, समोरच्या बाजूचे लोकही उभे राहिले. तिची वेणी सुटली होती, हनुवटीवर रक्त होतं, आणि ती हसत होती. माझ्याच पोटची ही मुलगी, आणि मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. मला वाटलं होतं की त्या वेळी माझे डोळे मिटलेले होते. पण एकेक पाऊल मला आठवत होतं.

"बाद कशी झाली?"

"डावीकडून सूर मारला एका मुलीने, आणि..."

"उजवीकडून, मम्मी." निकिता गॅलरीच्या दारात आली होती. "मी डावीकडे बघत होते, म्हणून तर सापडले."

"उजवीकडून," मी फोनमध्ये म्हटलं.

"आवं, जरा थांबा," सोनबा म्हणाले. "हितं पारावर सात-आठ जण बसल्यात, त्यांना मी सांगतोय. लई भराभर बोलताय तुम्ही. पडल्यापासून परत सांगा."

निकिता येऊन माझ्या शेजारी बसली. मी रिसीव्हर दोघींच्या मध्ये धरला आणि पुन्हा सुरुवात केली, सावकाश.