प्रवासातला नेम

वंदे भारत जळगाव स्टेशनात शिरली तेव्हा फलाटावरचं बोलणं आपोआप खाली आलं. लांबट नाकाचं ते तोंड फारसा आवाज न करता सरकत आलं आणि मी प्रियलचं मनगट आणखी घट्ट धरलं. अडीच वर्षांची माझी मुलगी एरवी गाडी दिसली की ओरडते. त्या दिवशी नुसती बघत राहिली. शेजारचा हमालही डोक्यावरची बॅग तशीच धरून बघत होता.

मी, प्रियल आणि सासूबाई पुण्याला निघालो होतो. चारच दिवसांसाठी, पण माझं पुढचं सगळं त्यावर ठरणार होतं. पारस, माझा नवरा, लग्नाआधीपासून पुण्यात नोकरीला. महिन्यातून एकदा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने लाल डोळ्यांनी यायचा. प्रियल अर्धा दिवस त्याच्याजवळ जायची नाही. ओळख पटेपर्यंत त्याची निघायची वेळ व्हायची. मला तिला घेऊन पुण्यात राहायचं होतं. बाबूजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, एकच म्हणणं. "पुणं लांब आहे. तुझी सासू एवढा प्रवास करत नाही. नातीचं तोंड आम्ही फोनमध्ये बघायचं का?"

ते खोटं नव्हतं. सासूबाई, नाव पानबाई, मुलाच्या पुण्यातल्या घरी एकदाही गेल्या नव्हत्या. विचारलं की "बघू" म्हणायच्या. पण मागच्या महिन्यात दिराने, अमनने, या गाडीचा आतला व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा बघितला आणि आपण होऊन म्हणाल्या, "मी जाईन हिच्यासोबत." बाबूजी म्हणाले, "झेपलं तर पुढचं बोलू. नाही झेपलं तर विषय संपला."

आम्हा जैनांत कुणी गावाला निघालं की अर्धं घर पोचवायला येतं. निघणाऱ्याला जागेवर बसवून मांगलिक ऐकवतात. प्रवास सुखरूप व्हावा म्हणून म्हणायचा हा पाठ. बाबूजी तो एसटीतही म्हणतात आणि ड्रायव्हर थांबतात. आमचे बाबूजी, म्हणजे डाळीचे व्यापारी लखीचंदभाऊ, जळगावात कुणाला माहीत नाहीत?

"बाबूजी, हिची दारं आपोआप लागतात," मी म्हटलं. "इथेच म्हणा ना."

"बेटा, मांगलिकला किती वेळ लागतो?" त्यांनी आत डोकावून बघितलं, थबकले आणि चपला फलाटावरच काढल्या.

"बाबूजी, गाडी आहे. मंदिर नाही," अमन हसला.

"आत बघ जरा. आपल्या दुकानापेक्षा स्वच्छ आहे."

ते अनवाणी आत आले. सासूबाईंना खिडकीशी बसवलं, डोळे मिटले, हात जोडले आणि पाठ सुरू केला. मी दाराकडे बघत होते. घोषणा झाली. मी "बाबूजी" म्हटलं, पण पाठ मधे तोडायचा नसतो. त्यांनी डोळे उघडले तेव्हा काचेबाहेर अमन त्यांच्या चपला हातात घेऊन चालत होता. मग पळायला लागला, मग मागे गेला.

"अरे, मी आत आहे," बाबूजींनी दारावर थाप मारली. "मला जायचं नाहीये."

पलीकडच्या सीटवर भुसावळला चढलेल्या एक बाई होत्या, बोलणं अमळनेरकडचं. त्या म्हणाल्या, "बठ्ठं आपोआप शे, नाना. बसा आते." सगळंच आपोआप, म्हणजे आता बसण्याशिवाय इलाज नाही.

तिकीट तपासनिसाला नवल वाटलं नाही. "पोचवायला आलात ना, काका? असं कुणी ना कुणी असतंच." त्याने दंडाची पावती फाडली. "मनमाडला उतरा."

"मधे चाळीसगाव?"

"थांबत नाही."

"चाळीसगावला थांबत नाही? माझी सासुरवाडी आहे ती."

"मग खिडकीतून हात करा."

बाबूजी माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटवर टेकले. मला वाटलं, संपलं. आता मनमाडपर्यंत रागावतील आणि उतरताना नाही म्हणून जातील. मी प्रियलला मांडीवर घेतलं.

पण गाडीने वेग घेतला आणि त्यांचं बोलणं कमी कमी होत गेलं. रुळाजवळचे खांब दिसायच्या आत मागे जात होते. त्यांच्यामागची कपाशी एकसारखी वाहत होती आणि त्यापलीकडे, दूर, डोंगराची रांग मात्र जागची हलत नव्हती. एवढं सगळं पळतंय आणि प्रियलच्या केसांची बटसुद्धा हलत नाही, याची मला भीतीच वाटली. मी दोंडाईच्याची. लहानपणापासून गाड्या पाहिल्यात, पण त्या धडधडत जायच्या, जाणं अंगाला कळायचं. इथे अंगाला काही कळत नव्हतं. दोन्ही हात जोडावेत असं काहीतरी आत दाटून आलं.

समोरच्या पाटीवर वेगाचा आकडा शंभराच्या वर गेला तसा बाबूजींनी तो हळू आवाजात वाचला. पुढचा वाचला. मग वाचायचं सोडून दिलं. पाचोरा नुसतं रंगासारखं निघून गेलं.

"गेलं?" ते म्हणाले.

"गेलं," सासूबाई म्हणाल्या, आणि पिशवीतून उकळलेल्या पाण्याची बाटली काढून भांडंभर पाणी प्यायल्या. थोड्या वेळाने आणखी एक भांडं. मग उठल्या, मला म्हणाल्या "बसून राहा", आणि सीटांना धरत डब्याच्या टोकाला गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा एखादं देऊळ बघून आल्यासारखा होता.

"दार आतून नीट लागतं," त्या मला सांगू लागल्या. "पाणी येतं. धरायला दांडी आहे. वास नाही."

बाबूजींनी बाटलीकडे बघितलं. "तू पाणी प्यायलीस? प्रवासात?"

"हो."

"तुझा नेम आहे ना? प्रवासात पाण्याचा त्याग. प्रवचनात महाराजसाहेबांसमोरसुद्धा सांगितलंय मी, की आमच्या घरात असा नेम आहे."

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "नेम तुम्ही म्हणालात. मी नाही म्हटलं नाही, एवढंच."

"म्हणजे?"

"एसटी थांबते तिथे बाईमाणसाने कुठे जायचं? रात्रीची ट्रॅव्हल्स ढाब्यावर थांबते, तुम्ही सगळे उतरता. मी कुठे उतरू? आदल्या संध्याकाळपासून पाणी सोडायचे. सूर्य मावळल्यावर तर आपल्याला प्यायचंच नसतं. घरी पोचल्यावर दोन दिवस डोकं उठायचं. पुणं लांब नव्हतं मला कधी."

पलीकडच्या बाईंनी मान आमच्याकडे न वळवता फक्त हलवली. मी सासूबाईंच्या कितीतरी प्रवासांच्या तयारीत हातभार लावला होता. दशम्या बांधल्या, औषधं ठेवली. मी प्रत्येक गोष्टीवर नजर ठेवणारी बाई. त्यांचं कोरडं तोंड दर प्रवासाला समोर असून मला दिसलं नव्हतं, कारण मीसुद्धा ते पुण्य समजत होते.

चाळीसगाव आलं आणि गेलं. बाबूजींनी हात केला नाही. बराच वेळ अनवाणी पाय एकमेकांवर ठेवून बसले. मग सासूबाईंच्या हातातलं भांडं घेतलं, बाटलीतून भरलं आणि त्यांच्यापुढे धरलं. घरात कुणाला पाणी देताना मी त्यांना पाहिलेलं नाही.

"पी," ते म्हणाले. "दिवस आहे अजून."

मनमाड जवळ आलं तसे ते वेळेआधीच दाराशी जाऊन उभे राहिले. एकदा शिकले होते. मी प्रियलला कडेवर घेऊन मागे गेले. काय विचारावं, कसं विचारावं, ठरत नव्हतं. दार उघडलं. ते खाली उतरले, गार फरशीवर पाय ठेवून वळले.

"पारसला सांग," ते म्हणाले, "घर स्टेशनपासून लांब घेऊ नको."

"बाबूजी, म्हणजे आम्ही..."

"मागे हो. पोरीचा हात सापडेल दारात."

दार लागलं. मी जागेवर परत आले. तीन वर्षं जे मागत होते ते मिळालं होतं आणि गाडीइतक्याच वेगाने अंगावर आलं होतं. परकं शहर, नवी शाळा, सगळं एकटीने. सासूबाईंना सांगितलं, बाबूजी काय म्हणाले ते.

त्यांनी प्रियलला मांडीवर ओढून घेतलं.

"तीन खोल्यांचं बघायला सांग," त्या म्हणाल्या. "मी काही रात्रीपुरती येणार नाही."