बोटभर चव

दोन वर्षांपूर्वीच्या तापानंतर सुनेच्या जिभेला चव म्हणून उरली नव्हती, आणि घरात ही गोष्ट फक्त सासूबाईंना ठाऊक होती. नवऱ्याला सांगायचं नाही, असं दोघींनी मिळून ठरवलं होतं. केक करणाऱ्या बाईला चव कळत नाही म्हटल्यावर तो दुसऱ्या दिवशी ओव्हन विकून मोकळा झाला असता. आणि त्या केकच्या नादानेच तर ही बाई अंथरुणातून उठली होती.

बाकी सगळं तिला हाताने कळायचं. बोट अलगद रुतेल इतपत मऊ बटर घ्यायचं, पांढरंफटक होईस्तोवर फेटायचं, पिठीसाखर चाळून थोडी थोडी घालायची, घट्ट वाटलं तर चमचाभर दूध. पण मीठ हाताला कळत नाही. एकदा खारं बटर घेऊन वर सवयीने चिमूटभर मीठही टाकलं, आणि अख्खा केक परत आला. तेव्हापासून क्रीम झालं की ती वाटी सासूबाईंपुढे धरायची. त्या बोट बुडवायच्या, डोळे मिटून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "व्हॅनिला कमी आहे गं. हात आखडता घेऊ नकोस."

सासूबाईंना पंधरा वर्षांचा मधुमेह. बोटभराने काय होतंय, असं त्या म्हणायच्या, आणि सुनेला ते ऐकायला सोयीचं होतं. शनिवारी-रविवारी चार-पाच केक असले की बोटाबोटाने वाटी व्हायची, हे तिला दिसत नव्हतं थोडंच? दिसत होतं, पण ती काणाडोळा करायची.

मग नवी चप्पल सासूबाईंच्या अंगठ्याला चावली. एवढीशी जखम, पण भरेना. महिन्याभरात अंगठा काळा पडला.

डॉक्टरांनी कागद चाळत विचारलं, "पथ्य पाळताय म्हणता, मग साखर एवढी कशी?"

"मीच चोरून खाते," सासूबाई म्हणाल्या. "सुटत नाही हो गोड."

"लाज कशी वाटत नाही गं आई?" मुलगा म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. सून पर्स छातीशी धरून उभी होती. स्वतःची इतकी किळस तिला जन्मात आली नव्हती.

पाय गुडघ्याखाली कापला.

सासूबाई घरी आल्यानंतर आठवड्याभराने सुनेने केकची पहिली ऑर्डर घेतली. बटर नवऱ्यानेच येताना आणलं होतं. तिने ते फेटलं, साखर घातली, सवयीने मीठ टाकलं आणि भांडं हातात घेऊन नुसती उभी राहिली. आतल्या खोलीतून हाक आली, "झालं का गं? आण बोटभर."

नवरा जेवणाच्या टेबलाशी गोळ्या डबीत भरत होता. त्याची मान वर झाली. "आई, अजून तुझं तेच?"

"त्या चोरून खात नव्हत्या," सून म्हणाली. "मीच द्यायचे. मला चव कळत नाही. तापापासून."

त्याने डबी बाजूला सारली. मग उठला, तिच्या हातातल्या भांड्यात चमचा घालून त्याने क्रीम तोंडात टाकलं.

"खारट आहे," तो म्हणाला. चमचा बेसिनमध्ये टाकून तो बाहेर निघून गेला.

सून आत गेली. सासूबाई पांघरुणावरून, जिथे पाय संपत होता तिथे, हात फिरवत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"कशाला सांगितलंस?" त्या म्हणाल्या. "पाय काय, गेला तो गेला. आता तुझं चाखणार कोण?"